सुतावरून सूर

ब्रिटनमध्ये कंपनी स्थापन झाली, की तिची प्राथमिक माहिती सरकारी नोंदणी कार्यालयात कुणालाही पाहता येते. भागीदार कोण, पत्ता कुठला, नोंद कधीची, सारे खुले. एरवी हे दप्तर चाळतात ते वकील, हिशेबनीस, पैसे अडकलेले व्यापारी, फार तर एखादा चिवट वार्ताहर. २०१६ च्या जानेवारीत मात्र त्यात डोके खुपसून बसली होती ती गाण्याची वेडी माणसे. त्यांना सापडले ते एवढेच, की ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘डॉन कोरस’ या नावाची एक भागीदारी संस्था नोंदली गेली आहे आणि तिचा संबंध ‘रेडिओहेड’ या बँडशी आहे. ‘डॉन कोरस’ म्हणजे पहाटेचा पाखरांचा कलरव. मंडळींनी लगेच जुने अल्बम काढून ताडून पाहिले. २००७ च्या अल्बमवर हक्कधारक म्हणून ‘झर्बिया झेंडलेस’ असे चमत्कारिक नाव छापलेले होते, २०११ च्या अल्बमवर ‘टिकर टेप’. म्हणजे दर अल्बमला नवी कंपनी! तेव्हा आता नवी कंपनी निघाली, याचा अर्थ नवा अल्बम येतो आहे. सातबाराच्या उताऱ्यावरून लग्नाचा मुहूर्त काढावा, तसाच हा प्रकार. पण मुहूर्त खरा ठरला. ८ मे २०१६ रोजी ‘अ मून शेप्ड पूल’ हा रेडिओहेडचा नववा अल्बम बाहेर पडला.

ज्या घरात कॉलेजला जाणारे कुणी आहे किंवा एके काळी होते, तिथे हे नाव कानावरून गेले असेल. इतरांसाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या शाळेत १९८५ मध्ये पाच मुलांनी एक बँड काढला. थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिलिप सेलवे. चाळीस वर्षांनंतरही तेच पाच जण एकत्र आहेत. रॉक संगीताच्या जगात ही नवलाईच म्हणायची, कारण तिथे बँड फुटायला नाटक कंपनी फुटण्याइतकाही वेळ लागत नाही! १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमने ते जगभर पोचले. दोन अल्बममधले अंतर मात्र वाढत गेले. २००३ नंतर २००७, मग २०११, मग २०१६. या मधल्या रिकाम्या वर्षांत चाहते जे करतात, तो आजचा विषय आहे. स्टुडिओतून बाहेर येणारे एखादे छायाचित्र, मुलाखतीत निसटलेला एखादा शब्द, कुठल्या तरी जलशात वाजवलेले अर्धेमुर्धे गाणे, यांवरून पुढच्या अल्बमचे भाकीत करायचे. सुतावरून स्वर्ग गाठणारे आपल्याकडे पुष्कळ. हे लोक सुतावरून सूर गाठायला निघालेले असतात.

ही सवय लागण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ध्वनिमुद्रिकांचा धंदा कंपन्यांच्या हाती होता, तोवर अल्बमचे वेळापत्रक कंपनी ठरवत असे. आधी जाहिरात, मग एखादे गाणे रेडिओवर, मग ठरलेल्या तारखेला दुकानात कॅसेट किंवा सीडी. चाहत्याला अंदाज बांधायची गरजच नव्हती, कारण दुकानदाराला तारीख ठाऊक असे. रेडिओहेडचा ईएमआय या बड्या कंपनीशी असलेला करार २००३ च्या अल्बमनंतर संपला आणि या मंडळींनी तो पुढे चालवला नाही. १ ऑक्टोबर २००७ रोजी जॉनी ग्रीनवुडने दोन-चार ओळींत जाहीर केले, की नवा अल्बम तयार आहे आणि तो दहा दिवसांत येईल. किंमत? ऐकणाऱ्याने आपल्या मनाने ठरवावी! त्या ‘इन रेनबोज’ची किंमत हा जगभर चर्चेचा विषय झाला, आणि ते स्वाभाविकच होते. पण चाहत्यांच्या दृष्टीने दहा दिवसांची ती नोटीस अधिक महत्त्वाची होती. आता बातमी कुठल्याही दिवशी येऊ शकते, म्हणजे रोज पहारा द्यायला हवा, हा धडा त्यांनी घेतला. कंपनी नोंदणीच्या दप्तरापर्यंत त्यांची पावले गेली ती या धड्यामुळे.

अर्थात खुणा शोधण्याचे वेड त्याआधीचे आहे, आणि सुरुवातीला त्याला खतपाणी खुद्द बँडनेच घातले. १९९९ च्या उन्हाळ्यात ‘किड ए’ या अल्बमचे काम चालू असताना एड ओब्रायन स्टुडिओतली रोजनिशी लिहून ती सर्वांना वाचायला खुली ठेवत असे. आज या गाण्यावर काम केले, ते जमेना, ते बाजूला टाकले, असा तो कबुलीचा मजकूर. काम कसे अडते, पाच माणसे एका खोलीत कशी कंटाळतात, हे त्यात सरळ दिसे. त्या रोजनिशीने चाहत्यांना अपुऱ्या गाण्यांची नावे पुरवली. गाणे ऐकण्याआधी त्याचे नाव पाठ, अशी उलटी गंगा वाहू लागली. पुढच्या वर्षी, २००० च्या उन्हाळ्यात, बँडने यातली काही गाणी युरोपातल्या जलशांत वाजवली. कॉलिन ग्रीनवुडने सांगितलेली हकिकत अशी, की बार्सिलोनातला जलसा दुसऱ्या दिवशी नॅप्स्टरवरून सगळीकडे पोचला आणि तीन आठवड्यांनी ते इस्राएलमध्ये गेले, तेव्हा समोरच्या श्रोत्यांना नव्या गाण्यांचे शब्द येत होते. अल्बम अजून बाजारात यायचा होता! कॉलिनला त्याचा राग आला नाही, उलट आनंदच झाला. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवसांत खूण म्हणजे गाणेच होते. माणसे कान देऊन ऐकत, उतरवून घेत, एकमेकांना देत. आपल्याकडे बुवांच्या बैठकीत चोरून टेप चालू ठेवणारे रसिक होतेच की. त्यांच्यामुळे किती संगीत वाचले, हे जाणकारांना सांगायला नको.

‘इन रेनबोज’नंतर मात्र खुणांनी कानांकडून आकड्यांकडे मोर्चा वळवला. १९९७ आणि २००७, या दोन अल्बममध्ये दहा वर्षांचे अंतर. नवा अल्बम दहा दिवस आधी जाहीर झाला, तो दहाव्या महिन्याच्या दहा तारखेला आला, त्यात गाणी दहा. ‘ओके कॉम्प्युटर’ आणि ‘इन रेनबोज’ ही दोन्ही नावे इंग्रजीत लिहिली, की अक्षरे भरतात दहाच. संगणक शून्य आणि एक या दोनच आकड्यांवर चालतो, त्यांची जोडी म्हणजेही दहा. तेव्हा हे दोन अल्बम मुळात एकच आहेत, एकातले एक गाणे आणि दुसऱ्यातले एक, असे आळीपाळीने ऐकावेत, असा सिद्धान्त मांडला गेला. अंकशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा हा बादरायण संबंध. बँडने असे काही योजले होते, याला पुरावा कोणताही नाही. गंमत अशी, की सांगितल्याप्रमाणे ती गाणी एकाआड एक लावून ऐकली, तर वाईट लागत नाहीत. मी ऐकली आहेत. पण दोन्ही अल्बम त्याच पाच जणांचे आहेत, तेव्हा ती जुळली तर नवल कसले?

२०११ मध्ये ‘द किंग ऑफ लिम्ब्ज’ आला, तेव्हा या हिशेबी वृत्तीची दुसरी बाजू दिसली. १४ फेब्रुवारीला घोषणा, १९ तारखेचा वायदा, आणि अल्बम आला १८ लाच. मधल्या दिवसांत बँडने जपानीत एकच ओळ प्रसिद्ध केली. तोक्योमधल्या शिबुया भागातला हाचिको चौक, शुक्रवार, सायंकाळी ६ वाजून ५९ मिनिटे. झाले! तिथे काय होणार यावर जगभर तर्कवितर्क सुरू झाले. प्रत्यक्षात चौकातल्या मोठ्या पडद्यांवर एका गाण्याची चित्रफीत दाखवायची होती, आणि गर्दीच्या भीतीने तोही कार्यक्रम रद्द करावा लागला. अल्बम हाती पडला तो आठ गाण्यांचा, जेमतेम ३७ मिनिटांचा. चार वर्षे वाट पाहून एवढेच? ते मानायला कित्येकांची तयारीच नव्हती. शेवटच्या गाण्याचे नाव ‘सेपरेटर’, म्हणजे विभाजक. तेव्हा हा पहिला भाग असून दुसरा लवकरच येणार, अशी अटकळ बांधली गेली. गाण्याच्या शब्दांतही तिला आधार शोधण्यात आला. एप्रिलमध्ये दोन सुटी गाणी आली, पण दुसरा भाग कधीच आला नाही. दरम्यान जो अल्बम समोर होता, तो पुष्कळांनी धड ऐकलाच नाही. तालाच्या लहान लहान तुकड्यांवर उभारलेले ते बारीक विणकामाचे संगीत आहे. त्याला शांतपणा लागतो. ताटातल्या भाजीची चव न घेता स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या पाहुण्यासारखी श्रोत्यांची अवस्था झाली होती.

माझ्या मते या सगळ्या शोधाची मर्यादा इथेच दिसते. खुणांवरून गाणे कधी येणार, हे फार तर कळते. ते कसे असणार, हे कधीच कळत नाही. याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ‘ट्रू लव्ह वेट्स’. हे गाणे यॉर्कने प्रथम १९९५ मध्ये ब्रसेल्सच्या जलशात म्हटले. पुढे तो ते अधूनमधून एकट्याने, गिटारवर म्हणत राहिला. २००१ मध्ये जलशातल्या ध्वनिमुद्रणांच्या एका संग्रहात ते आलेही. पण स्टुडिओत ते काही केल्या जमेना. प्रत्येक नव्या अल्बमच्या वेळी चाहते विचारत, या वेळी तरी? शब्द पाठ, चाल पाठ, वीस वर्षांची टिपणे हाताशी. ज्याबद्दल आधीच सर्व काही ठाऊक आहे, असे गाणे असेल तर ते हेच. २०१६ च्या अल्बममध्ये ते शेवटी आले, आणि गिटार गायब! सावकाश, विरत जाणारे पियानोचे सूर आणि त्यांवर थकलेला आवाज. पंचविशीतल्या मुलाची विनवणी सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी आली होती. शब्द तेच, अर्थ पार बदललेला. एकाही खुणेने हे सांगितले नव्हते.

आणि इथूनच या खेळाला एक वेगळे वळण लागले, जे मला रुचलेले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये यॉर्कने जाहीर केले होते, की तेवीस वर्षांच्या सहजीवनानंतर तो आणि त्याची सहचारिणी वेगळे होत आहेत. निवेदन सभ्य होते आणि त्याहून अधिक कुणी काही सांगितले नाही. अल्बम आल्यावर शोधकांनी आपली सारी हत्यारे या घरगुती दुःखाकडे वळवली. ‘डेड्रीमिंग’ गाण्याच्या अखेरीस उलटा फिरवलेला आवाज आहे. तो सुलटा करून त्यात निम्म्या आयुष्याचा उल्लेख असल्याचे सांगण्यात आले. सत्तेचाळीसचे निम्मे किती? सुमारे तेवीस! त्या गाण्याच्या चित्रफितीत यॉर्क एकामागून एक दारे उघडत चालत जातो. लोकांनी दारे मोजली आणि तीही तेवीस भरल्याचे सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये त्या सहचारिणीचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर तीच गाणी पुन्हा नव्याने चाळण्यात आली. कलावंताच्या आयुष्याची सावली त्याच्या कलेवर पडते, हे कुणी नाकारत नाही. पण गाणे म्हणजे पंचनामा नव्हे. त्या घरात दोन मुलेही वाढत होती, याचे भान दारे मोजणाऱ्यांना राहिले असेल असे वाटत नाही.

स्टुडिओच्या दाराशी जमलेल्या गर्दीचे ओझे कलावंतावर किती पडते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतल्या ‘बीच बॉइज’चे आहे. ‘स्माइल’ या अल्बमचा १९६६ मध्ये एवढा गाजावाजा झाला, की कॅपिटॉल कंपनीने त्याची चार लाखांहून अधिक वेष्टणे छापून ठेवली होती. वेष्टण तयार, गाणी अपुरी. ब्रायन विल्सनची मनःस्थिती ढासळत गेली आणि १९६७ च्या मे महिन्यात काम सोडून देण्यात आले. मग चोरट्या टेपांवरून चाहत्यांनी आपापला ‘स्माइल’ जुळवण्यात दशके घालवली. विल्सनने तो नव्याने गाऊन पुरा केला २००४ मध्ये, सदतीस वर्षांनी. ‘गन्स एन रोझेस’ची कथा याच्या अगदी उलट. त्यांच्या ‘चायनीज डेमॉक्रसी’वर त्या वेळच्या वृत्तांनुसार एक कोटी तीस लाख डॉलर खर्च झाले आणि वर्षांमागून वर्षे गेली, तेव्हा लोक आतुरतेकडून थेट चेष्टेवर आले. अल्बम २००८ मध्ये निघाला, तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला शीतपेयाचा एक डबा फुकट, असे ‘डॉक्टर पेपर’ कंपनीने जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये तो खरेच निघाला! त्याआधी त्यातली नऊ गाणी फोडणाऱ्या एका चाहत्याला अटक होऊन पुढे दोन महिन्यांची घरकैद झाली. हा बँड २०१२ मध्ये मुंबईत आला होता आणि मे २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पुन्हा वाजवून गेला. दोन्ही वेळा लोक जमले ते मुख्यतः १९८७ ते १९९१ च्या गाण्यांसाठी. जिच्यासाठी पंधरा वर्षे कान टवकारले होते, त्या अल्बमची मागणी फारशी कुणी करत नाही.

इतके कुतूहल फुकट जाऊ देईल, तर तो बाजार कसला? २०१६ च्या एप्रिलअखेर रेडिओहेडकडून पूर्वी काही मागवलेल्या काही ग्राहकांच्या घरी टपालाने एक कार्ड आले. त्यावर बडबडगीताच्या धर्तीवरच्या ओळी होत्या आणि तुमचा पत्ता आम्हांला ठाऊक आहे, अशा अर्थाची गमतीदार धमकी. दुसऱ्याच दिवशी बँडची सारी जुनी छायाचित्रे आणि निवेदने पुसट होत होत पांढरी झाली. ३ मे रोजी ‘बर्न द विच’ हे गाणे आले. २०१९ मध्ये यॉर्कच्या स्वतंत्र अल्बमपूर्वी लंडनच्या भुयारी रेल्वेत स्वप्ने टिपणाऱ्या कॅमेऱ्याची जाहिरात झळकली होती. असा कॅमेरा अर्थातच नव्हता. या गोष्टी कल्पक आहेत आणि मजेच्याही आहेत. पण सापडलेली खूण आणि मुद्दाम पेरलेली खूण यांत फरक आहे. पहिलीत शोधणाऱ्याचे कष्ट असतात. दुसरीत तो न कळत जाहिरातदाराचा बिनपगारी नोकर होतो. आज लहानमोठा प्रत्येक गायक अल्बमपूर्वी असली कोडी घालतो, आणि आपल्याकडचे चित्रपटवालेही त्यात मागे नाहीत.

रेडिओहेडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. २०१९ मध्ये यॉर्कच्या जुन्या मिनीडिस्क चोरीस गेल्या. ‘ओके कॉम्प्युटर’च्या दिवसांतले कच्चे काम, फसलेले प्रयत्न, नुसते गुणगुणणे, असा अठरा तासांचा ऐवज. दीड लाख डॉलर द्या, नाही तर हे फोडतो, अशी मागणी झाल्याचे जॉनीने जाहीरपणे सांगितले. खंडणी देण्याऐवजी बँडने तो सगळा ऐवज अठरा दिवसांसाठी अठरा पौंडांना विक्रीस ठेवला आणि उत्पन्न पर्यावरणाच्या चळवळीला दिले. चाहत्यांनी आपसांत काम वाटून घेऊन अठरा तासांची मिनिटवार सूची तयार केली. ही सूची मला त्या तेवीस दारांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तिच्यात पुन्हा ऐकणे आले.

‘डॉन कोरस’चे पुढे काय झाले, हेही सांगायचे राहिले. २०१६ च्या अल्बममध्ये त्या नावाचे गाणे नव्हतेच! ते आले २०१९ मध्ये, यॉर्कच्या त्या स्वतंत्र अल्बमात. आणि २०१५ च्या आरंभी, ऑक्सफर्डकडे कान लावून बसलेल्यांना खुद्द जॉनी ग्रीनवुड आणि बँडचा नेहमीचा निर्माता नायजेल गॉडरिच सापडले असते ते जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात. शाय बेन त्सूर हा इस्रायली संगीतकार, राजस्थानातले मांगणियार आणि कव्वाल गायक, बँडवाले, ढोलकवाले यांच्याबरोबर किल्ल्यातच तात्पुरता स्टुडिओ मांडून ‘जुनून’ नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित होत होता. पॉल टॉमस अँडरसन या दिग्दर्शकाने त्याचा माहितीपट केला. ‘डेड्रीमिंग’मधली ती दारे चित्रित केली तीही त्यानेच. माहितीपटात वीज जाते, खिडकीतून कबुतरे आत येतात, आणि गाणे चालूच राहते. तारखा आणि आकडे यांच्या मागे लागलेल्यांनी हा पाऊण-एक तासाचा चित्रपट जरूर पाहावा. आपल्या घरातल्या मुलांनाही दाखवावा.

मार्च २०२५ मध्ये दप्तरात पुन्हा एक नोंद सापडली. नाव ‘आरएचईयूके२५’. पहिली दोन अक्षरे बँडची, मग युरोप आणि युनायटेड किंग्डम, मग साल, अशी फोड लगेच झाली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या वणवाग्रस्तांसाठी झालेल्या एका लिलावात रेडिओहेडच्या जलशाची तिकिटे ठेवल्याचे उघड झाले. नवा अल्बम येणार, असे अनेकांनी आपल्या मनाशी ठरवूनही टाकले. सप्टेंबरमध्ये घोषणा झाली ती दौऱ्याची. माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन, प्रत्येक शहरात चार, असे वीस जलसे. २०१८ नंतर प्रथमच पाचही जण एका मंचावर उभे राहिले. रोज रात्री गाण्यांचा क्रम बदलत होता, आणि गाणी होती ती जुनीच. दौरा डिसेंबरमध्ये संपला. त्या वेळपर्यंत नव्या अल्बमची घोषणा झालेली नव्हती, आणि कोणत्या रात्री कोणते गाणे कितव्या क्रमांकावर होते, याचे तक्ते तयार होते.